छापून आलेलं आणि छापवून घेतलेलं

निवडणूक आली की आपल्या बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अगं, पेपरात आलंय, म्हणजे खरंच असणार." आज आम्ही पेपराचीच एक गोष्ट सांगणार आहोत.

ऑक्टोबर 2009. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक होती, 13 तारखेला मतदान. त्या दिवसांत एका मोठ्या नेत्याच्या कौतुकाचा लेख छापून आला. तोच मजकूर, शब्दन् शब्द, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत! तीन घरांतल्या आमटीची चव कधी एक लागते का? (नेत्याचं नाव आम्ही घेत नाही. सामुदायिक रेडिओला राजकारणाच्या बातम्या द्यायची परवानगी नसते, आणि ते बरंच आहे.) पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लेख शेजारी शेजारी ठेवून 'द हिंदू'त लिहिलं. पैसे दिल्याचा आरोप नेत्यानं नाकारला.

पण त्या निवडणुकीत 'पॅकेज'ची चर्चा उघड झाली. मुलाखतीचा, कौतुकाचा, विरोधकावर टीकेचा असा दर ठरायचा. पैसे नाहीत तर बातमी नाही. म्हणजे आपल्यातली एखादी बाई उभी राहिली, चार गावं पायी फिरली, तरी पेपरात ती दिसायची नाही. शिवाय जाहिरात असली तर आपण ती जाहिरात म्हणूनच वाचतो, थोडं वजा करून. बातमीच्या वेषात आली की वजा करायचं सुचतच नाही. आणि हा खर्च उमेदवाराच्या हिशेबातही दिसत नाही.

प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची समिती नेमली. तिनं 71 पानी अहवाल दिला. 2010 मध्ये कौन्सिलनं बाहेर काढला तो मात्र आखडलेला. पूर्ण अहवाल माहिती अधिकाराच्या लढाईनंतर 2011 मध्ये लोकांसमोर आला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदारबाईंना निवडणूक आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. पेपरात पैसे देऊन छापवलेल्या मजकुराचा खर्च त्यांनी दाखवला नव्हता. तक्रार हरलेल्या उमेदवाराची होती.

मग पेपर वाचायचाच नाही का? वाचायचा. पण त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवायचा. 2002 आणि 2003 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे आमदार-खासदारकीच्या प्रत्येक उमेदवाराला शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरचे गुन्हे लिहून द्यावे लागतात. ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावलेलं असतं, आयोगाच्या वेबसाइटवरही मिळतं. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मोबाइलवर काढायला सांगा आणि पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. मालमत्तेच्या रकान्यापाशी जरा थांबा. मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही तिथंच सापडतं.