खाड्याचा हिशेब

‘खाडा’ या शब्दाचा अर्थ वारूळवाडीत कोणाला सांगावा लागणार नाही. कामावर न गेलेला दिवस आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी! टोमॅटोच्या हंगामात रोजावर जाणाऱ्या बाईला त्याची धार शाळेत न जाताही कळते. आम्हांलाही ती पुस्तकाआधी कळली. आज ज्या खेळाची हकीकत सांगावयाची आहे, त्या रग्बीचा इतिहास याच खाड्याने घडविला आहे.

लंबगोल चेंडू हातात घेऊन पळावयाचे, हाताने तो पुढे फेकावयाचा नाही आणि चेंडू घेतलेल्या गड्याला प्रतिपक्षाने धरून पाडावयाचे, असा हा खेळ. कबड्डीची पकड पाहिलेल्यास त्याचे मर्म लवकर उमगेल.

इंग्लंडच्या उत्तर भागात तो गिरण्यांतले व खाणींतले कामगार खेळत. सामने शनिवारी होत आणि शनिवारी दुपारपर्यंत काम असे. सामन्याला गेले की मजुरी बुडाली. ती भरून द्यावी, एवढेच उत्तरेकडील क्लबांचे मागणे होते. खेळ हौसेसाठी असतो, पैशासाठी नव्हे, असे खेळाच्या चालकांनी उत्तर दिले. ज्याचे पोट भरलेले, त्याला हौसेचे तत्त्वज्ञान स्वस्त पडते! अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथे क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे ‘रग्बी लीग’ झाली; तिच्यात तेरा गडी खेळतात. पंधरा गड्यांच्या जुन्या रग्बीला खेळाडूंस उघडपणे पैसे देण्यास 1995 साल उजाडावे लागले. शंभर वर्षे गेली. आपल्या मुंबईतही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना रविवारची सुटी 1890 साली मिळवून दिली होती. विसावा आणि खेळ यांसाठीही कामगाराला झगडावेच लागते.

हा झाला पुरुषांचा हिशेब. बायकांचा त्याहून उशिरा मांडला गेला. त्यांचा पहिला विश्वचषक 1991 साली वेल्समध्ये झाला. आपल्याकडे पंधरा जणींचा भारतीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो जून 2018 मध्ये, सिंगापुरात. त्याच्या कर्णधार होत्या आपल्याच जिल्ह्यातील, पुण्याच्या वाहबीझ भरुचा. त्या स्पर्धेत हार पत्करावी लागली. पण पुढच्याच वर्षी, जून 2019 मध्ये, मनिला येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने सिंगापूरला 21–19 असे हरविले. पंधरा जणींच्या खेळातला भारताचा तो पहिला विजय.

वाहबीझबाई व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, म्हणजे दुखावलेले सांधे व स्नायू व्यायामाने पूर्ववत करणाऱ्या. देशाचे कर्णधारपद एकीकडे, चरितार्थाचा उद्योग दुसरीकडे. त्याच 2019 च्या जानेवारीत इंग्लंडने आपल्या 28 महिला खेळाडूंना पूर्ण वेळ खेळण्याचे करार दिले होते. मैदान तेवढेच लांब, ऐंशी मिनिटेही तीच; फरक सामन्याच्या आधीच्या सहा दिवसांत.

येथे आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. युनियनतर्फे आम्ही मुलांच्या कबड्डी संघासाठी वर्षानुवर्षे वर्गणी गोळा केली. कामगारांच्या मुलींचाही संघ असावा, हे आम्हांला कोणी सुचविले नाही आणि आम्हीही विचारले नाही. समान कामाला समान दाम, ही घोषणा मात्र आम्ही घसा फोडून देत होतो.

म्हणून सत्काराच्या शाली घेण्याआधी एक साधा हिशेब गावाने करावा. गावातली मुलगी जिल्ह्याला किंवा राज्याला खेळावयास निघाली, की तिच्यासोबत जाणाऱ्या आईचे किती खाडे पडतात? ते कोण भरून देतो? आज ते आईच भरते. तो आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा आणि खर्चाच्या यादीत चढावा. हडर्सफील्डच्या कामगारांनी याहून अधिक काही मागितले नव्हते.