तीस टक्क्यांचा डोळा



गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एका बाईच्या डोळ्यात पऱ्हाटी उपटताना काडी घुसली. उपचार झाले, पण डोळा गेला. दाखल्यावर आकडा आला 30 टक्के. तो घेऊन आम्ही तिघी तिच्यासोबत कचेरीत गेलो. खिडकीतून कागद परत आला. "चाळीस लागतात," एवढंच उत्तर. येताना एसटीत ती म्हणाली, "अजून थोडं कमी दिसलं असतं, तर मिळालं असतं का गं?" आम्हाला काही बोलता येईना. म्हणून आज या चाळीसच्या आकड्याचीच गोष्ट सांगतो.

माणसाचं शरीर टक्क्यांत मोजायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. इंग्रजांच्या काळात 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याला एक यादी जोडलेली होती. कामावर अंगठा तुटला तर कमाईची ताकद ठरावीक टक्के गेली असं धरायचं, आणि त्या हिशेबानं भरपाई द्यायची. यादी होती कारखान्यात, खाणीत, रेल्वेत मजुरी करणाऱ्यांसाठी. चूल, पाणी, धुणं, जनावरं, लेकरं या कामाला मजुरीच नाही, तर त्यातल्या नुकसानीचा टक्का कोण काढणार?

त्याच काळात शिरगणतीत आंधळे, मुकबधिर, वेडसर आणि कुष्ठरोगी मोजले जात. 1931 नंतर ते मोजणं बंद पडलं. मग 1981 साली, जगभर अपंग वर्ष पाळलं गेलं तेव्हा, पुन्हा मोजले. 1991 ला पुन्हा वगळले. अपंगांच्या संघटनांनी धरणं धरलं, पाठपुरावा केला, तेव्हा 2001 च्या जनगणनेत प्रश्न परत आला आणि देशात 2 कोटींहून जास्त अपंग असल्याचं कागदावर आलं. जे मोजलेच नाहीत, त्यांच्यासाठी पैसा कुठून ठेवणार?

आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 साली सुरू झाली. देशाचा पहिला अपंग व्यक्ती कायदा मात्र 1995 चा. त्यात सातच प्रकार होते आणि अट होती किमान 40 टक्के अपंगत्वाची. टक्के कसे काढायचे याचे नियम 2001 साली आले. त्यात एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला, तर 30 टक्के. म्हणजे आमच्या मैत्रिणीचं उत्तर तिच्या डोळ्यात काडी जायच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेलं होतं.

2009 ला केंद्राची अपंग पेन्शन आली. ती फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना, आणि तिथं अट 80 टक्क्यांची. 2016 च्या नव्या कायद्यानं सातचे 21 प्रकार केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या बायका, सगळे आत आले. चाळीसची रेघ मात्र तिथंच राहिली.

आता टक्के पुरे असूनही अर्ज का फेटाळतात, ते ऐका. पहिलं कारण उत्पन्न. संजय गांधी योजनेत अपंगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे. म्हणजे अख्ख्या घराचे दिवसाला 137 रुपये. नवरा रोज मजुरीला गेला तरी घर मर्यादेबाहेर. तिच्या स्वतःच्या हातात रुपया नसला, तरी कागदावर ती त्याच्या कमाईची धनीण. दुसरं कारण नाव. दाखला माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, बँकेचं पुस्तक तिसऱ्याच स्पेलिंगनं. तिसरं, दाखला तात्पुरता असतो आणि त्याची मुदत संपलेली असते. चौथं, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. लग्न करून परराज्यातून आलेल्या सुनेनं तो कुठून आणायचा?

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. अर्ज दिला की पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. नुसत्या तोंडी "नाही"वर पुढं कुठं दाद मागणार? अपंगत्वाचा दाखला नाकारला किंवा टक्के कमी लावले असं वाटलं, तर 2016 च्या कायद्याच्या 59 व्या कलमानं अपील करता येतं. नावातला फरक अर्ज द्यायच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

आमच्या मैत्रिणीचा दुसरा डोळाही आता अधू वाटतो. चष्मा लावूनही नजर कमी भरली, तर टक्के वाढतात. म्हणून पुन्हा तपासणीचा अर्ज दिला आहे. तिच्यासाठी काय मागावं, हेच आम्हाला कळेना. डोळा चांगला निघो, की वाईट? शेवटी तिनंच सांगितलं, "बाई, डोळा चांगलाच निघू दे. पैशासाठी आपण भांडू."

तिचं म्हणणं आम्हाला पटलं. सातचे एकवीस झाले, गाळलेला प्रश्न जनगणनेत परत आला, ते मागणाऱ्यांनी मागितलं म्हणून. चाळीसची रेघही माणसांनीच ओढली आहे. ती पुसून पुन्हा ओढा, असं आता आपल्याला म्हणायचं आहे. तुमच्या गावात कुणाचा अर्ज परत आला असेल, तर तो कागद घेऊन आमच्याकडे या. आपण मिळून वाचू.