संगणक कक्षाची किल्ली

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा विषय ठरूनच गेला होता. “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा आपल्या शाळेतल्या संगणक शिक्षणाचा इतिहास तूच लिही.” मी हो म्हटले आणि माहेरी जाऊन माळ्यावरच्या वह्या काढल्या. संगणकाची वही सापडली, पण तिच्यात यंत्राबद्दल फारसे काही नव्हते. होते ते चौकोन, बाण, पावलांचे हिशेब आणि बाईंचे लाल शाईतले शेरे. त्यामुळे हा इतिहास शिक्षकांचाच झाला आहे. ज्यांच्याबद्दल तो आहे त्या गणिताच्या बाईंनी नाव छापायला सक्त मनाई केली आहे. आपल्या पिढ्यांना ते सांगावे लागणार नाही.

आधी थोडे शाळेबाहेरचे. आपल्या देशातल्या शाळांत संगणक सरकारी योजनेतून पहिल्यांदा आला तो १९८४-८५ मध्ये. योजनेचे नाव होते ‘क्लास’. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांनी मिळून ती सुरू केली आणि सुरुवातीला देशभरातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या. यंत्र होते बीबीसी मायक्रो, ब्रिटनमधल्या अ‍ॅकॉर्न कंपनीने तिथल्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी बनवलेले. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. आज आपल्या मोबाइलमधला एक साधा फोटो त्याच्या शंभरपट जागा घेतो. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेपासून संगणक साक्षरतेचा उल्लेख आला. पण यंत्रे पोहोचली त्या वेगाने शिक्षक तयार झाले नाहीत. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, इंग्रजीतल्या पुस्तिका आणि वेळापत्रकात न बसणारा तास, एवढ्यावर हा विषय उभा राहिला. पुढच्या चाळीस वर्षांत जे वारंवार घडले, त्याची सुरुवात तिथेच झाली.

इकडे पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. आम्ही तेव्हा सहावीत होतो. लोणावळ्याहून लोकलने दोन तासांच्या आत जिथे पोहोचता येते त्या गावात महासंगणक होता, आणि आमच्या वर्गातल्या एकानेही साधा संगणक पाहिलेला नव्हता.

१९९३ मध्ये आम्ही आठवीत गेलो आणि त्याच पावसाळ्यात शाळेला दोन संगणक मिळाले. देणगी एका माजी विद्यार्थ्याची. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली रिकामी झाली, तिला चुना लागला, खिडक्यांना निळे पडदे लागले आणि दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी आली. कुलूप मोठे पितळी. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे.

आपल्याकडचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे. जुलैत कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते, तिथे फ्लॉपीची काय कथा! शेवटी शिपाईमामांनी घरचाच उपाय केला. टेबलाखाली साठचा बल्ब दिवसभर जळत ठेवायचा, म्हणजे ओल धरत नाही. मात्र त्यासाठी वीज हवी, आणि गुरुवारी ती जाणार हे ठरलेलेच. वळवण आणि शिरोत्याच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होते आणि मुंबईला जाते, हे आम्ही भूगोलात पाठ केले होते. ती आमच्या बल्बपर्यंत का येत नाही, हे मात्र पुस्तकात नव्हते.

संगणक आले, पण शिकवणार कोण? नवीन पद मंजूर नव्हते. संगणक म्हणजे गणित, असा सरळ हिशेब झाला आणि काम बाईंच्या गळ्यात पडले. बाई बी.एस्सी., बी.एड. कीबोर्डला कधी हात लावलेला नाही. घरी दोन लहान मुले. त्यांनी पुण्यात एका खासगी क्लासला नाव घातले, स्वतःच्या पैशांनी. वर्षभर दर रविवारी सकाळची लोकल पकडायची, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव करत शिवाजीनगरला उतरायचे, जीडब्ल्यू-बेसिकचा एक धडा शिकायचा आणि सोमवारी तो आम्हाला शिकवायचा. “मी तुमच्यापेक्षा फक्त एका रविवारने पुढे आहे,” असे त्यांनी पहिल्याच तासाला सांगितले. आम्ही हसलो. त्या अक्षरशः खरे सांगत होत्या, हे मला आत्ता त्यांच्याकडून कळले.

वर्गात आम्ही साठ जण आणि यंत्रे दोन. एका तासाला प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येई. म्हणून बाईंनी आम्हाला पटांगणात नेले. फरशीवर खडूने चौकोन आखले. एक मुलगी व्हायची कासव. बाकीच्यांनी कागदावर सूचना लिहायच्या: तीन पावले पुढे, उजवीकडे वळ, दोन पावले पुढे. कासवाने डोके चालवायचे नाही, लिहिले असेल तेवढेच करायचे. “उजवीकडे” लिहायला विसरलात तर कासव थेट नळकोंडाळ्यावर जाऊन आदळणार. सूचना अपुरी असेल तर दोष कासवाचा नसतो, हे आम्ही नळकोंडाळ्याजवळ शिकलो. हे कासव बाईंनी क्लासमध्ये ऐकलेल्या ‘लोगो’ भाषेतून आणले होते. मुलांसाठीची ती भाषा अमेरिकेत १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी तयार केली. आमच्याकडे लोगोची फ्लॉपी नव्हती, पटांगण होते.

दुसरा खेळ कवायतीच्या रांगेतला. आठ मुले कशीही उभी करायची. प्रत्येकाने फक्त शेजारच्याशी उंची ताडायची, आणि उंच मुलगा पुढे असेल तर जागा बदलायची. रांगेच्या टोकापर्यंत गेले की पुन्हा सुरुवात. फार तर सात फेऱ्यांत रांग लागते. दर फेरीत सर्वांत उंच उरलेला मुलगा आपल्या जागी पोहोचतो, त्यामुळे पुढच्या फेरीत एक तुलना कमी. सात, सहा, पाच असे करत एकूण अठ्ठावीस. वहीत हा आकडा दोनदा अधोरेखित केलेला आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी ‘बबल सॉर्ट’ फळ्यावर आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे रांगेत एकमेकांना ढकलणारी आठवी ‘ब’ उभी राहिली.

आता एक कबुली. नववीत एकदा बाईंनी १ ते १०० ची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर आले ४९५०. सूत्राने ते ५०५० यायला हवे, हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “बाई, तुम्हालाच येत नाही!” वर्ग हसला. मला तेव्हा फार हुशार वाटले.

बाई रागावल्या नाहीत. “खरंच येत नाहीये. इकडे ये, बस. दोघी मिळून शोधू.” मग प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची आणि शेजारी कागदावर बेरीज कितीवर आली ते लिहायचे, असे चालले. घंटा वाजली, मधली सुट्टी झाली, डबा तसाच राहिला. चूक सापडली ती अशी: ‘आकडा शंभरपेक्षा कमी असेल तर पुन्हा फिर’ असे लिहिले होते. त्यामुळे ९९ मिळवून झाले की यंत्र थांबत होते आणि शंभर बाहेरच राहत होता. एक बरोबरचे चिन्ह घातले आणि ५०५० आले. बाईंनी माझ्या वहीत लाल शाईने लिहिले, ‘चूक हिने शोधली.’ खरे तर निम्मी त्यांनी शोधली होती.

गेली वीसेक वर्षे मी पगार घेते तो बहुतांशी याच कामाचा. कडेचा एक आकडा सुटल्याच्या चुका अजून होतात, माझ्याकडूनही. नवीन मुले टीममध्ये आली की त्यांना सगळ्यात जड जाते ते ‘मला येत नाही’ असे चारचौघांत म्हणणे. मला ते एका बाईंनी साठ मुलांसमोर म्हणून दाखवले होते. माझ्या त्या वाक्याबद्दल मी त्यांची माफी मागितली ती मात्र यंदा, तीस वर्षांनी. त्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता. शंभर सुटला होता, हे मात्र आठवत होते.

आम्ही १९९६ मध्ये दहावी होऊन बाहेर पडलो. पुढचा इतिहास धाकट्या बॅचच्या मित्रमैत्रिणींनी सांगितला. २००१ मध्ये राज्यात एमकेसीएल स्थापन झाली आणि ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकांनाही तो करावा लागला. त्याने पुष्कळ शिक्षकांची माउसची भीती गेली. पण पत्र टाइप करता येणे वेगळे आणि मुलांना विचार करायला शिकवणे वेगळे. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना आली. अशा योजनांतून शाळाशाळांत संगणक कक्ष झाले आणि राज्यात पुष्कळ ठिकाणी शिकवायला कराराने निदेशक नेमले गेले. आपल्याही शाळेत दहा यंत्रांचा कक्ष झाला. शिकवायला आलेला तरुण चांगला होता, मुले त्याच्यामागे असत. पण करार संपला, तो गेला, आणि त्याच्याबरोबर विषयही गेला. नेहमीच्या शिक्षकांपैकी कोणी त्या खोलीत शिकवलेच नव्हते.

दरम्यान जगात शिक्षकांसाठी वेगळीच वाट तयार होत होती. न्यूझीलंडमध्ये टिम बेल यांनी इयान विटन आणि माइक फेलोज यांच्यासह नव्वदच्या दशकात ‘अनप्लग्ड’ नावाने धडे बांधायला घेतले. यंत्राशिवाय, पत्ते, दोरी, खडू आणि मुले यांच्या मदतीने संगणकशास्त्र शिकवणारे. आपल्याकडे एसीएम इंडियाने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. त्यात शिक्षकांना संगणकीय विचारपद्धतीचे धडे, बहुतेक यंत्राविनाच घेता येण्याजोगे, दिले जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही संगणकीय विचार आणि कोडिंग शाळेत आणण्याचे म्हटले आहे. ‘अनप्लग्ड’चे धडे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांत आपले पटांगण दिसले. फरक एवढाच, की आमच्या बाईंना असे कोणी करते आहे याची कल्पना नव्हती. विचारायलाही कोणी नव्हते. वर्षभर त्या लोकलमध्ये एकट्याच पुढचा धडा बांधत होत्या.

हा सगळा इतिहास आत्ता उगाळण्याला कारण आहे. मेळाव्याच्या सभेत देणगीचा विषय येणार आहे आणि वीस नवे संगणक द्यावेत असा विचार पुढे आला आहे. विचार चांगलाच आहे. पण दिवाळीत मी शाळेत गेले होते. कक्षाला कुलूप होते आणि किल्ली अजूनही मुख्याध्यापकांच्या कपाटात, त्याच खिळ्यावर आहे. आत दहा यंत्रांवर प्लास्टिक घातलेले, एकाखाली अजून बल्बचा होल्डर. आपण वीस यंत्रे दिली तर पाच वर्षांनी तीही प्लास्टिकखाली जातील.

आपल्या मावळात याचा एक जुना धडा आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांकडून एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. त्या कारखान्याचे मोठे काम म्हणजे त्याने काचेचे काम येणारी माणसे तयार केली. ती शिकून बाहेर पडली आणि काचेचा धंदा त्यांच्याबरोबर दुसरीकडे गेला. लोकवर्गणीचा पैसा भट्टीत गेला तसा हातांतही गेला.

म्हणून माझी सूचना अशी. वीसऐवजी दहा संगणक घेऊ. उरलेली रक्कम तीन वर्षांसाठी शिक्षकांच्या नावे ठेवू. सध्या शाळेत विज्ञानाच्या एक बाई आणि गणिताचे एक सर शिकायला तयार आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस, प्रवास आणि त्या दिवशी त्यांचा वर्ग सांभाळणाऱ्याचे मानधन एवढे या रकमेतून भागेल. आपल्यापैकी पुणे-हिंजवडीत या क्षेत्रात असलेल्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. तोही मुलांना शिकवायला नाही, तर त्या दोघांशेजारी बसून पुढचे धडे बांधायला. आपण वर्ग घेतला तर आपण गेल्यावर तो बंद पडेल. पहिल्या वर्षासाठी मी माझे नाव देते.

हे सगळे बाईंना वाचून दाखवले. त्यांनी व्याकरणाच्या दोन चुका काढल्या आणि एक ओळ वाढवायला सांगितली: “पहिल्या दिवशी त्या दोघांना खोलीची एकेक किल्ली करून द्या. मला दर वेळी मागून घ्यावी लागायची.”