अनोळखी विमान आणि माझी तीन कॉलमी बातमी

परवा रात्री साडेअकराला आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एक फोटो आला. लांबलचक पांढरं विमान, त्रिकोणी पंख, दोन इंजिनं पंखांखाली आणि दोन पार पंखांच्या टोकांना. खाली मजकूर: 'चीनचं अणुशक्तीवर उडणारं गुप्त बॉम्बर. पुढे पाठवा, लोकांना जागं करा.' सकाळपर्यंत तो फोटो मला सात जणांनी पाठवला. त्यातले दोघं शिक्षक, एक माजी सरपंच.

ते विमान चीनचं नाही. अणुशक्तीवर चालणारंही नाही. ते सोव्हिएत रशियाचं एम-५०. असं एकच विमान उडालं आणि आज ते मॉस्कोजवळ मोनिनोच्या संग्रहालयात उघड्यावर उभं आहे. गंमत म्हणजे 'अणुशक्तीवर चालणारं' ही अफवा या विमानाबद्दल पहिल्यांदा पसरली ती १९५८ साली. तीही एका नावाजलेल्या अमेरिकी साप्ताहिकातून.

ती गोष्ट सांगतोच. पण आधी माझी स्वतःची सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, मोठा आला शहाणपणा शिकवायला.

वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका स्थानिक पेपरला लागलो होतो. एका दुपारी कांद्याच्या लिलावाची बातमी घेऊन परत येताना आभाळात एक लढाऊ विमान दिसलं. हिरवट-पिवळं, जागोजागी ठिगळं लावल्यासारखं. ओझर जवळ, त्यामुळे विमानं आम्हाला लहानपणापासून पाठ. पण असलं कधी पाहिलं नव्हतं. चार शेतकऱ्यांना विचारलं, चौघांनीही 'आपलं नाही वाटत' म्हटलं. झालं! दुसऱ्या दिवशी तीन कॉलमी बातमी: 'परिसरात अनोळखी विमानाच्या घिरट्या, नागरिकांत घबराट'. खरं तर घबराट बातमी छापून आल्यावर झाली. एका आजीने त्या दिवशी नातवंडांना शाळेत पाठवलं नाही, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी आमच्या गल्लीतले काका घरी आले. ओझर मिगमधून रिटायर झालेले, आयुष्यभर विमानाच्या पत्र्यात हात घातलेला माणूस. पेपर टेबलावर ठेवून म्हणाले, "अरे बाबा, सुखोई होतं ते. प्रायमरवर होतं. रंग द्यायच्या आधी उडवून बघतात. तू रंग बघितलास, विमान कुठे बघितलंस?"

मग वहीच्या पाठच्या पानावर त्यांनी चार शब्द लिहिले. पंख, इंजिनं, धड, शेपूट. म्हणाले, अनोळखी विमान दिसलं की याच क्रमाने बघायचं. पंख वर जोडलेत, मध्ये की खाली? सरळ, मागे झुकलेले की त्रिकोणी? इंजिनं किती आणि कुठे? धड कसं, हवा आत घ्यायची तोंडं गोल की चौकोनी? शेपटीला उभी पाती एक की दोन? रंग आणि चिन्हं सगळ्यात शेवटी, कारण ती बदलता येतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना विमानं ओळखायला याच चार गोष्टी शिकवत, हे मला पुढे वाचनात आलं.

ती वही अजून आहे माझ्याकडे. आणि त्या दिवसापासून अशा विमानांच्या इतिहासाचा नादही लागला. विशेषतः प्रोटोटाइपच्या, म्हणजे कारखान्यात बनलेल्या पहिल्या नमुना विमानांच्या. ही ओळखायला सगळ्यात अवघड. यांचे फोटो फार नसतात. कधी नाकावर हवेचा वेग मोजायची लांब दांडी असते, कधी रंग भलताच असतो. आणि यातली कित्येक नमुन्याच्या पुढे जातच नाहीत. माहिती अशी अपुरी असली की उरलेली जागा माणूस स्वतःच्या मनातलं घालून भरतो. माझ्यासारख्या नवख्या वार्ताहराचं सोडा, महासत्तांचंही तेच झालं.

पहिली गोष्ट १९५५ ची. मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर सोव्हिएत हवाई दलाचे खेळ व्हायचे, परदेशी लष्करी अधिकाऱ्यांनाही बोलावणं असायचं. त्याच्या आदल्या वर्षी मे दिनाच्या संचलनात 'एम-४' हे नवं चार इंजिनांचं जेट बॉम्बर पहिल्यांदा दिसलं होतं. नाटोने त्याला नाव दिलं बायसन. (बॉम्बरला 'ब'ने सुरू होणारं नाव, फायटरला 'फ'ने, अशी त्यांची पद्धत.) जुलै १९५५ मध्ये डोक्यावरून दहा बायसन गेले. थोड्या वेळाने आणखी अठरा आले. पाहुण्यांनी हिशोब केला, अठ्ठावीस. प्रत्यक्षात पहिलेच दहा नजरेआड जाऊन वळले आणि आणखी आठ सोबत घेऊन परत आले होते.

त्या अठ्ठाविसावरून गणित मांडलं गेलं: १९६० पर्यंत सोव्हिएतांकडे अशी ८०० विमानं असतील. अमेरिकेत 'बॉम्बर गॅप' म्हणून आरडाओरडा सुरू झाला, आपण मागे पडलो म्हणून. स्वतःची बॉम्बर विमानं वाढवायला पैसा ओतला गेला. १९५६ च्या जुलैपासून यू-२ टेहळणी विमानांनी सोव्हिएत तळांवर खूप उंचीवरून जाऊन फोटो काढले, तेव्हा कळलं की एवढी विमानं कुठे नाहीतच. इथे विमान बरोबर ओळखलं होतं. पण तेच परत आलंय का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

दुसरी गोष्ट ग्रुपवरच्या फोटोची. १ डिसेंबर १९५८ ला 'एव्हिएशन वीक' या साप्ताहिकाने ठळक बातमी दिली: सोव्हिएत अणुशक्तीवरच्या बॉम्बरच्या चाचण्या घेत आहेत. सोबत रेखाचित्रं. त्या काळात अमेरिका स्वतः असं विमान बनवायच्या मागे होती. एनबी-३६एच नावाच्या विमानात अणुभट्टी ठेवून उड्डाणंही झाली होती, पण ती भट्टी विमान ढकलत नव्हती. किरणोत्सर्गापासून माणसांना कसं वाचवायचं, एवढंच तपासणं चाललं होतं. म्हणजे आपण जे करू पाहतोय ते समोरच्याने आधीच केलं असणार, ही धास्ती मनात तयारच होती. चित्र तिच्यात फिट बसलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पुरावा नसल्याचं सांगितलं, पण अशा वेळी 'पुरावा नाही' हे वाक्य कोण ऐकतं?

आता तारखा बघा. बातमी डिसेंबर १९५८ ची. एम-५० पहिल्यांदा उडालं २७ ऑक्टोबर १९५९ ला! बातमी आली तेव्हा ते जमिनीवरून उठलंही नव्हतं. आणि उडालं ते साध्या जेट इंजिनांवर. जुलै १९६१ मध्ये तुशिनोला ते सगळ्यांना दाखवलं. नाटोने नाव दिलं बाउंडर. पाहणारे पुन्हा हादरले, पण तोवर त्या विमानाची गोष्ट संपत आली होती. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आल्यावर असल्या बॉम्बरची गरजच कमी झाली. अमेरिकेचा अणु-विमानाचा प्रकल्प केनेडींनी त्याच वर्षी मार्चमध्ये बंद केला. पंधरा वर्षं आणि सुमारे १०० कोटी डॉलर्स खर्च झाल्यावर.

पूर्ण खोटी होती का ती बातमी? नाही, आणि इथेच पंचाईत असते. सोव्हिएतांनीही टीयू-९५ विमानात अणुभट्टी ठेवून चाचण्या घेतल्या. पण त्या १९६१ मध्ये, वेगळ्या विमानात, आणि तिथेही भट्टी विमान उडवत नव्हती. अफवेत खऱ्याचा एक दाणा असतो, म्हणून तर ती साठ-पासष्ट वर्षं टिकते आणि शेवटी आपल्या ग्रुपवर येते.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी. ९ जुलै १९६७, मॉस्कोचा दोमोदेदोवो विमानतळ. सोव्हिएतांनी एकाच दिवशी कितीतरी नवी विमानं दाखवली. काही नुसते नमुने होते. त्यातलं एक, धडात उभी इंजिनं बसवून छोट्या धावपट्टीवरून उठायचा प्रयोग. नाटोने त्याला 'फेथलेस' असं नावही देऊन टाकलं, पण ते नमुन्याच्या पुढे गेलंच नाही. आणि एक होतं दोन प्रचंड चौकोनी तोंडांचं, दोन शेपट्यांचं, मोठ्या पंखांचं फायटर. पश्चिमेतल्या लोकांनी त्याला मिग-२३ समजून घेतलं. खरं मिग-२३ त्याच कार्यक्रमात उडालं होतं, पंख मागेपुढे करणारं. चौकोनी तोंडांचं होतं ते मिग-२५, नाटोच्या भाषेत फॉक्सबॅट.

नाव चुकलं ते सुधारता आलं. अर्थ चुकला तो महागात पडला. याच जातीच्या नमुना विमानाने १९६५ पासून वेगाचे विक्रम केले होते. आता मोठे पंख दिसले. मोठे पंख, दणकट इंजिनं, म्हणजे वेगवान तर आहेच आणि हवेत गर्रकन वळणारंही असणार. याला तोड नाही! अमेरिकेत नव्या फायटरची चर्चा आधीपासून होती, तिला या भीतीने जोर चढला आणि त्यातून एफ-१५ आलं.

मग ६ सप्टेंबर १९७६ ला व्हिक्टर बेलेंको हा सोव्हिएत पायलट आपलं मिग-२५ घेऊन पळाला आणि जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला. तज्ज्ञांनी विमान खोलून पाहिलं. बहुतेक सांगाडा पोलादाचा. आवाजाच्या तिप्पट वेगाच्या आसपास हवेच्या घर्षणाने पत्रा इतका तापतो की ॲल्युमिनियम टिकत नाही. पोलाद म्हणजे वजन, आणि एवढं वजन विरळ हवेत उंचावर तोलायचं म्हणून मोठे पंख. वळायला नव्हे, तरंगायला! हे विमान सरळ रेषेत सुसाट जाऊन उंचावरचं लक्ष्य गाठायला बनवलं होतं. ते ज्यांच्या धास्तीने बनलं, त्यातलं अमेरिकेचं बी-७० बॉम्बर स्वतःच दोन नमुन्यांच्या पुढे गेलं नाही. म्हणजे एकाच्या नमुन्याला दुसरा घाबरला, आणि त्याच्या नमुन्याला पहिला.

ते जपानमधलं विमान पुढे सुटं करून खोक्यांत भरून रशियाला परत गेलं. आणि हेच मिग-२५, टेहळणीच्या रूपात, १९८१ पासून आपल्या हवाई दलात होतं. नाव 'गरुड', तळ बरेली. २००६ मध्ये निवृत्त झालं. ज्या विमानाने एकेकाळी अमेरिकेची झोप उडवली, ते पंचवीस वर्षं आपल्या आभाळात होतं आणि आपल्यापैकी किती जणांना ते माहीत होतं?

मंडळी, १९६७ मध्ये पाहणाऱ्यांचे डोळे चुकले नव्हते. पंख मोठे होते, हे खरंच होतं. 'म्हणून ते चपळ आहे' हे कुणी पाहिलेलं नव्हतं, ते मनातलं होतं. माझ्या बातमीतही हिरवट-पिवळा रंग खरा होता. 'अनोळखी' हा शब्द माझा होता आणि 'घबराट' तर पूर्णच माझी. दोन्ही एकाच वाक्यात लिहिली, म्हणून वाचणाऱ्याला वेगळी करता आली नाहीत. त्या आजीला तर नाहीच नाही.

दुरुस्ती मी दुसऱ्या दिवशी दिली होती. सिंगल कॉलम, सातव्या पानावर, चार ओळी. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. म्हणून आज एवढं सविस्तर लिहिलं.

सीमेवर काही झालं की असे फोटो धो-धो येतात, पुढेही येतील. शेअर करायच्या आधी चारच गोष्टी बघा: पंख, इंजिनं, धड, शेपूट. मग फोटो शोधून पाहा, कुठला, कधीचा. नाहीच ओळखता आलं तर 'ओळखता आलं नाही' एवढंच लिहा, त्यात कमीपणा नाही. हवं तर मला पाठवा. मलाही नाही जमलं, तर काका अजून आहेत. वय झालंय, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण परवाचा फोटो दाखवला तर पंखांच्या टोकाची इंजिनं बघून लगेच म्हणाले, "हे रशियाचं, जुनं. कोण म्हणतंय चीनचं?"

ग्रुपवर मी ते लिहिलंय. माजी सरपंचांनी अंगठा दिलाय. दोन्ही सरांनी अजून मेसेज डिलीट केलेला नाही.