भिक्षा आणि कायदा

महाराष्ट्रात दारी येणारा प्रत्येक याचक भिकारी मानला जात नसे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून चिपळ्या वाजवीत येणारा वासुदेव, परडी घेऊन जोगवा मागणारी जोगतीण, माधुकरीवर विद्या करणारा विद्यार्थी, ह्यांची नावे निराळी व मानही निराळा. त्यांस पसाभर धान्य घालणे हा गृहस्थधर्मच होय.

मुंबई राज्याच्या १९५९ च्या भीकप्रतिबंधक कायद्याने हा भेद व्याख्येतून पुसून टाकला. सार्वजनिक जागी भीक मागणे हा अपराध ठरलाच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा एखादी वस्तू विकावयास पुढे करणे, ह्या मिषाने घेतलेला पैसाही भीकच ठरला. भिक्षेसाठी खाजगी आवारात शिरणे हीही भीक. म्हणजे वासुदेव रस्त्यावर गायला तरी व्याख्येत, आणि अंगणात आला तरी व्याख्येत! इतकेच नव्हे, तर उपजीविकेचे दृश्य साधन नसता अशा स्थितीत भटकणे, की भिकेवर जगत असावा असे वाटावे, एवढेही पुरे होते. भुकेलेल्या मनुष्याचा अवतार हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला.

ही दृष्टी ह्या मातीतली नव्हे. इंग्लंडात १५३१ च्या कायद्याने अपंगांस भीक मागण्याचे परवाने दिले आणि धडधाकट भिकाऱ्यांस फटक्यांची शिक्षा सांगितली. पुढे १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यात जखमा वा व्यंग दाखवून भीक मागणे हा गुन्हा ठरला. हेच कलम जवळजवळ तशाच शब्दांत मुंबईच्या कायद्यात उतरले.

धडधाकटास कामाला लावावे, ह्यात वावगे काही नाही. परंतु ह्या कायद्यान्वये पोलिसांस वॉरंटावाचून पकडता येई, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येई, आणि वारंवार सापडणाऱ्यास दहा वर्षे. चोरालाही कित्येकदा इतकी सजा होत नाही!

दिल्लीनेही हाच कायदा उचलला होता. तेथील उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागण्यास अपराध ठरविणारी त्याची कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. लोक हौसेने नव्हे तर गरजेने भीक मागतात, आणि अन्न, निवारा पुरविणे हे सरकारचे कर्तव्य असता ते न करता त्यांनाच गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. हा निकाल मात्र दिल्लीपुरता होता. ज्या मुंबईचे नाव त्या कायद्यास आहे, तेथील वासुदेवाची त्याने सुटका झाली नाही.