दगडातल्या बाया



वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. 1739 साली त्यांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तो मान त्यांचाच. पण आता आपल्याकडे एखादी नवी बाग होते, मधोमध शिल्प बसवायचं ठरतं, तेव्हा ते कोणाचं आणि कसं हे चार-पाच जण ठरवून मोकळे होतात. आपल्याला बोलावणं येतं ते उद्घाटनाला ओवाळायला. म्हणून आज जरा मागं जाऊन बघू या, की आपल्या या पट्ट्यात चारचौघांत उभ्या केलेल्या दगडांवर बाई कशासाठी कोरली गेली.

एक बाई भेटते गधेगाळीवर. नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर शिलाहार राजांचं राज्य होतं. राजानं जमीन दान दिली की ते दान पुढे कोणी मोडू नये म्हणून दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, मधे मजकूर, आणि खाली गाढव नि बाई. अर्थ असा, की जो हे दान मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल. वाचता न येणाऱ्यालाही धाक बसावा म्हणून चित्र. गुन्हा करणार मुलगा, शिक्षा मात्र आईला! आज भांडणात आईवरून शिवी निघते, ती काही काल जन्माला आलेली नाही.

दुसरी बाई सतीशिळेवर. तिथं बऱ्याचदा बाईचं तोंडही नसतं. कोपरात वाकलेला एक हात, त्यात भरलेल्या बांगड्या, बस्स. सवाष्ण गेली, एवढंच सांगायचं होतं. तिचं नाव काय, वय काय, तिला कोणी विचारलं का, यातलं काही तो दगड सांगत नाही. उलट पुरुषाचा वीरगळ बघा. खाडीपलीकडे बोरिवलीच्या एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची अख्खी लढाई कोरली आहे, वल्ह्यांसकट. त्याचा पराक्रम तपशिलानं, तिचा नुसता हात.

मग येऊ या 1896 सालावर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गणपतराव म्हात्रे नावाचा विशीतला विद्यार्थी होता. त्यानं प्लास्टरमध्ये एक तरुण बाई घडवली. नऊवारी नेसलेली, पूजेला देवळात निघालेली. त्या शिल्पाला ‘मंदिर पथगामिनी’ म्हणतात. ती देवी नाही, राणी नाही, सतीही नाही. आपल्यातलीच एक. त्या शिल्पानं म्हात्रे देशभर नावाजले गेले.

त्यांच्यानंतरचे विनायकराव करमरकर तर आपल्यासारखेच किनाऱ्यावरचे. अलिबागजवळच्या सासवण्याला 1891 मध्ये जन्मले, वडील गणपती घडवायचे. पुण्याचा शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा मोठा पुतळा त्यांचाच, 1928 सालचा. एवढं नाव झालेल्या माणसानं पुढं सासवण्याच्या घरी काय घडवलं? कोळीण, गावातली माणसं, म्हैस. तीसुद्धा साध्या सिमेंटमध्ये. ते घर आता संग्रहालय आहे. गटाची सहल काढायची असेल तर देवदर्शनाला जोडून तिकडे जरूर जा. मला विचाराल तर पुण्याच्या घोड्याइतकीच ती कोळीण मोलाची.

आता आपल्या बागेचं बोलू. शिल्प कसं होतं हे गणपतीच्या कारखान्यात डोकावलेल्या बाईला सांगायला नको. आधी छोटा नमुना, मग लोखंडी सांगाड्यावर माती, मातीवरून साचा, आणि शेवटी धातू किंवा सिमेंट. बदल सुचवायचा तो माती ओली असताना. आणि शिल्प समुद्राजवळ असेल तर खारा वारा विसरू नका. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. नटबोल्ट गंजले होते, हे तेव्हा पुढं आलं. कला संचालनालयानं मंजूर केला होता तो सहा फुटी मातीचा नमुना, प्रत्यक्षात पुतळा पस्तीस फुटी झाला. तेव्हा आतला सांगाडा कशाचा, उंची किती, दरवर्षी कोण तपासणार, हे विचारायला लाजू नका. त्याला शिक्षण लागत नाही.

समजा ठरलं, की पहाटेच्या गाडीनं भाजी, केळी, फुलं घेऊन मुंबई गाठणारी वसईची बाई बागेत उभी करायची. मग कलाकाराला फोटो देऊन भागणार नाही. कुपारी बाईचं लाल लुगडं आणि कोळणीचं लुगडं नेसण्याची तऱ्हा एक नाही, वारली बाईची तर आणखी निराळी. कोणाची तऱ्हा घ्यायची यावर भांडण होईल, होऊ द्या. पाटीचं ओझं घेतल्यावर मान कशी राहते, पाऊल कुठं पडतं, हे तिला चालायला लावूनच कळेल. चौथरा डोक्याइतका उंच नको, पोरांना हात लावता आला पाहिजे. खाली पाटी बसेल तिच्यावर कोणा पाहुण्याच्या आधी कामाचं नाव यावं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहेच. बागेचा विषय त्या सभेत मागून घ्या, मातीचा नमुना तिथं आणायला सांगा, आणि सगळ्यात आधी बघा, पाटीखाली डोक्यावर चुंबळ ठेवली आहे का.