रोशनखयाली आणि खयाल

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या आरमोरीच्या आसपासच्या गावांत उतरतात आणि रात्रभर नाटक रंगते. मागच्या हंगामात असेच एक नाटक पाहून परतताना शेजारी सहज म्हणाले, "सर, तुमच्यात गाणंबजावणं चालत नाही ना जी? पण मोठमोठे उस्ताद तर तुमचेच. अन् त्यांनी म्हणे सारी विद्या घरातच लपवून ठेवली होती."

घरी आलो तर आमच्याच एका बुजुर्गांनी दुसऱ्या टोकाचे ऐकवले, "काय ती नाटकं आणि गाणी! ते आपलं नाही."

संगीत जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. तो सोडवायचा अधिकार माझा नाही. पण "लपवून ठेवली" आणि "आपलं नाही" ही दोन्ही विधाने इतिहासाबद्दलची आहेत, आणि इतिहास तपासता येतो.

युरोपातले अठरावे शतक शिकवताना 'प्रबोधन' या शब्दासाठी मी उर्दूत 'रोशनखयाली' म्हणतो. ज्ञान कुणा एकाची जहागीर नाही, ते तपासावे, लिहावे आणि सर्वांपुढे ठेवावे, हा त्या काळाचा गाभा. दिदेरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1751 ते 1772 या काळात फ्रान्समध्ये 28 खंडांचा ज्ञानकोश काढला. त्यातले 11 खंड नुसत्या चित्रांचे होते. कारागिरांच्या कारखान्यांतली कामे पाहून, विचारून ती कागदावर उतरवली गेली. पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे जाणारे हुन्नर बाजारात विकत मिळू लागले.

संगीतातही हेच वारे होते. रूसोने 1742 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सूर आकड्यांनी लिहिण्याची पद्धत मांडली. सामान्य माणसाला संगीत सहज शिकता यावे, हा त्यामागचा हेतू. मोझार्टच्या 1782 च्या एका संगीतनाटकात तर शत्रूच्या मुलाला माफ करून सोडून देणारा सर्वांत उदार माणूस एक तुर्की पाशा आहे.

पण त्याच युरोपातला हायडन पाहा. 1761 मध्ये तो एस्टरहाझी राजघराण्याच्या नोकरीत लागला. करारात अट होती की त्याने रचलेले संगीत फक्त मालकासाठी असेल आणि त्याच्या नकला बाहेर द्यायच्या नाहीत. 1779 च्या नव्या करारात ती अट गेली. 1791 मध्ये तो लंडनला गेला आणि तिथे तिकीट काढून आलेल्या लोकांनी त्याला ऐकले. हायडनने विद्या लपवली असे कुणी म्हणत नाही. तो नोकर होता आणि विद्येवर धन्याचा हक्क होता, असेच आपण म्हणतो.

मग आपल्या उस्तादांना वेगळे माप का? हायडनच्या थोडे आधी दिल्लीत मोहम्मदशाह रंगीले याच्या दरबारात न्यामत खाँ, म्हणजे 'सदारंग', खयालाच्या बंदिशी रचत होते आणि त्यांत बादशहाचे नाव गुंफत होते. प्रत्येक दरबारी गवयाकडे जमीनजुमला नसे. चार दुर्मीळ राग आणि शंभर-दोनशे बंदिशी हीच त्याची मिळकत, हाच मुलांसाठी वारसा. ती मिळकत जपली जाणारच. तालमीत काही उस्ताद कठोर होते, काही खरोखर कंजूष होते, हेही नाकारू नये. पण ती धर्माची सवय नव्हती, पोटाची होती.

पोटाची सोय बदलली तशी दारे उघडली. महाराष्ट्रात आणि मराठी संस्थानांत हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. 1874 मध्ये पूना गायन समाज स्थापन झाला. 1886 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात गायनशाळा निघाली. तिचे प्रमुख होते मौलाबख्श. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि तीत पाठ्यपुस्तके लिहिली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते 1901 मध्ये. म्हणजे त्याच्या पंधरा वर्षे आधी एक मुसलमान उस्ताद शाळेत, फळ्यासमोर, सूर लिहून शिकवत होता.

दुसरे नाव अब्दुल करीम खाँ यांचे. जन्म कैराण्याचा, पण माणूस मिरजेचा झाला. त्यांनी 1913 च्या सुमारास पुण्यात शाळा काढली आणि तिचे नाव ठेवले आर्य संगीत विद्यालय. जातधर्म न पाहता तिथे शागीर्द घेतले जात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स बावीस श्रुतींची मोजमापे करत होते, तेव्हा खाँसाहेबांनी आपला गळा त्या प्रयोगांसाठी दिला. आपले गाणे शास्त्राच्या कसोटीला लावू देणारा हा माणूस. याला रोशनखयाली नाही तर काय म्हणावे?

अल्लादिया खाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी होते. महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईला गेले. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले, गोव्याच्या केसरबाई केरकरही शिकल्या. याच बखल्यांनी 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली दिल्या. आमच्या झाडीपट्टीच्या रंगमंचावर आजही एखादा नट आलाप घेतो, तेव्हा त्यामागे कुठेतरी या उस्तादांची तालीम असते.

आता पंडित विष्णु नारायण भातखंडे. पेशाने वकील, आणि दिदेरोची आठवण यावी असा माणूस. गावोगाव फिरून, गवयांपुढे बसून त्यांनी बंदिशी गोळा केल्या. सहा भागांच्या क्रमिक पुस्तकांतून त्या छापल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि 1916 मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. आजचे गाणे जुन्या संस्कृत ग्रंथांवरून समजत नाही, ते प्रत्यक्ष गाणाऱ्यांकडूनच समजून घ्यावे लागते, हे त्यांनी ठामपणे सांगितले. गाणारे बहुतेक कोण होते? जयपूरचे मोहम्मद अली खाँ यांचे घराणे, रामपूरचे वजीर खाँ. लखनऊच्या राजा नवाब अली यांनी भातखंड्यांची पद्धत उर्दूत आणली, 'मआरिफुन्नगमात' या ग्रंथातून. उर्दूच्या शिक्षकाला याचा आनंद का होऊ नये?

पण त्याच भातखंड्यांनी उस्तादांना शास्त्राचे ज्ञान नाही, असे कठोर शेरेही मारले. पुढे शेरे लोकांच्या लक्षात राहिले आणि देणाऱ्यांची नावे मागे पडली. दिदेरोच्या कोशाचे नाव जगाला ठाऊक आहे, ज्यांनी आपले हुन्नर दाखवले ते कारागीर बहुतेक अनामिकच राहिले. आमच्याकडे तसेच झाले. विद्या सर्वांची झाली हे चांगलेच झाले. नाहीतर आरमोरीच्या एखाद्या पोराने हार्मोनियमवर यमन वाजवलाच नसता. पण ज्याने दिली त्यालाच 'लपवणारा' म्हणणे हा अन्याय आहे. आणि ज्याच्या पूर्वजांनी दिली त्यानेच "ते आपलं नाही" म्हणणे हे तर घरचे दस्तऐवज आपल्या हाताने फाडण्यासारखे आहे. गाऊ नका, ऐकू नका, तो तुमचा इख्तियार. पण इतिहासातून नाव खोडू नका.

अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये वारले. त्यांची कबर मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी उरुसाला गवई तिथे येऊन गातात. त्यात हिंदू किती, मुसलमान किती, कुणी मोजत नाही.

शेजाऱ्यांना मी हे सारे चहावर सांगितले. ते म्हणाले, "हे आम्हाले कोणी सांगितलंच नाही जी." तक्रार खरी आहे, आणि ती आम्हा शिक्षकांवरच येते. यंदा युरोपचे प्रबोधन शिकवताना फळ्यावर दिदेरो, 1751 लिहिले की त्याखाली मौलाबख्श, 1886 हेही लिहिणार आहे.